सेन्सर पाण्याला भिडला पाहिजे

बाय, आयटीआयचं प्रमाणपत्र हाती आलं, आता मांदाडपासून इंदापूरपर्यंत सोलरची कामं घेणार म्हणतेस. ऐकून फार बरं वाटलं. पाइप जोडणं तुला येतं, गळती काढणं येतं, उंचीची भीती नाही. सेन्सरचं मात्र नीट बसून ऐकून घे. बहुतेक फिटर ते काम सगळ्यात शेवटी, ऊन कलल्यावर, निघायच्या घाईत उरकतात, आणि पुढं वर्षभर घरमालकाचे जे फोन येतात ते तिथूनच उगवतात. माझी सगळी नोकरी धाटावला कारखान्यात इन्स्ट्रुमेंटच्या कामात झाली. तिथल्या मोठ्या भांड्यांना जे नियम लागू होते तेच न्हाणीमागच्या टाकीलाही लागू आहेत.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. सेन्सर पाण्याचं तापमान सांगत नसतो, तो स्वतःचं तापमान सांगतो. पाण्याचं आणि त्याचं तापमान एक करून देणं हे बसवणाऱ्याचं काम. सेन्सरवर ऊन पडलं तर तो उन्हाचं सांगेल, खाडीवरचं वारं लागलं तर वाऱ्याचं सांगेल, पाइपाशी अर्धवट टेकला असेल तर पाइप आणि हवा यांच्या मधलं काहीतरी सांगेल. आणि कंट्रोलरच्या पडद्यावर ते सगळं सारख्याच ठाम आकड्यांत दिसेल. त्या आकड्यावर घरमालक विश्वास ठेवतो, पंप विश्वास ठेवतो, गिझरची कॉइल विश्वास ठेवते.

आता आपल्या गावात हे इतकं का महत्त्वाचं ते सांगतो. स्लॅबच्या घरावर टाकी वर आणि पॅनेल खाली ठेवता येतं. पॅनेलमधलं पाणी तापून हलकं होतं, आपसूक टाकीत चढतं, पंप लागत नाही. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच असला म्हणजे झालं. पण तळा गावात आणि आसपासच्या वाड्यांत अजून कितीतरी घरं कौलांची नाहीतर पत्र्याची आहेत. दोनशे लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचंच वजन दोनशे किलो, त्यावर टाकीचं आणि स्टँडचं वेगळं. जुन्या वाशांवर ते टाकायचं नाही. मग पॅनेल छपरावर आणि टाकी मागीलदारी चौथऱ्यावर अशी मांडणी होते. गरम पाणी स्वतःहून खाली येत नाही, त्यामुळं पंप आला. पंप कधी चालवायचा, कधी थांबवायचा हे ठरवायला दोन सेन्सर आणि कंट्रोलर आला. अशा घरात सेन्सर चुकला की सगळी योजनाच चुकते. दिवे आगर, मुरुडच्या वाटेवर लोकांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात तिथंही पाचशे, हजार लिटरच्या टाक्या असतात, तिथंही पंपच. छपरावर पॅनेल चढवण्याआधी वासे आणि रिपा सुताराला दाखवून घे. त्यात लाजायचं काही नाही.

कंट्रोलरचं काम साधं आहे. पॅनेलवरचा आकडा आणि टाकीच्या तळाचा आकडा यांतला फरक तो बघत बसतो. फरक आठेक अंशांचा झाला की पंप चालू, चारेक अंशांवर आला की बंद. म्हणजे दोन्ही जागा बिनचूक हव्यात.

पॅनेलवरचा सेन्सर गरम पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी, शक्य तितका आत. हेडरच्या टोकाला सेन्सर घालायचं पॉकेट दिलेलं असतं, ते वापर. ते नसेल तर तोंडाला लागूनच पितळेची टी लाव आणि तिच्यात पॉकेट बसव. हात पोचायला सोपं पडतं म्हणून वीतभर पुढं पाइपावर बांधलेले सेन्सर मी पुष्कळ पाहिलेत. पंप बंद असताना पाणी हलत नाही. पॅनेलच्या आत पाणी ऐंशी अंशांवर तापलेलं असतं आणि वीतभर पुढच्या पाइपात ते पस्तीसच असतं. कंट्रोलरला वाटतं ऊनच आलं नाही. अकरा वाजून जातात, पंप हलत नाही. मग कधीतरी थोडी उष्णता सरकत सेन्सरपाशी येते, पंप सुरू होतो, पाइपातलं गार पाणी सेन्सरवरून जातं आणि पंप पुन्हा बंद. दिवसभर हे चालू-बंद चालतं. मालक पंपाला दोष देतो, पंप बदलला जातो, दोष तिथंच राहतो.

दोन-तीन पॅनेल एकामागोमाग एक जोडली असतील तर सेन्सर शेवटच्या पॅनेलच्या तोंडाशी. पण तिथं सावली येते का ते आधी बघ, आणि तीही डिसेंबरची. आपण साधारण सव्वाअठरा अक्षांशावर. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडं जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. दहा मीटर उंचीच्या माडाची सावली तेव्हा नऊ मीटरपर्यंत उत्तरेला पोचते. मे महिन्यात काम केलंस तर सूर्य डोक्यावर असतो, माडाची सावली बुंध्यापाशीच, सगळं मोकळं दिसतं. आणि नेमकं थंडीत, जेव्हा लोकांना गरम पाणी हवं, तेव्हा तीच सावली सेन्सरच्या कोपऱ्यावर येऊन बसते.

टाकीचं गणित वेगळं. टाकीतलं पाणी सगळीकडं सारखं तापलेलं नसतं. गरम वर तरंगतं, गार खाली बसतं, आणि हे थर बराच वेळ तसेच राहतात. सकाळी दोन आंघोळी झाल्या की वर पंचावन्न आणि तळाला तीस असं सहज असतं. म्हणून टाकीचं तापमान किती, हा प्रश्नच अर्धा आहे. कुठलं तापमान, ते आधी विचारायचं. पंपासाठी लागतं तळाचं, कारण पॅनेलकडं जाणारं पाणी तिथून निघतं. हा सेन्सर खालच्या तिसऱ्या भागात हवा, पण गार पाणी आत येतं त्या तोंडासमोर नको. तिथं ठेवलास तर कुणी नळ उघडला की आकडा धाडकन उतरतो आणि पंप उगाच धावतो. न्हाणीसाठी लागतं वरचं, ते गरम पाण्याच्या तोंडाखाली, वरून साधारण चौथाई अंतरावर. गिझरची कॉइल असेल तर तिचा थर्मोस्टॅट कॉइलच्या किंचित वर. तळाच्या सेन्सरवर कॉइल चालवायची नाही. खालून गार पाणी येतच राहणार आणि कॉइल जळतच राहणार.

विजेचा हिशेब लोकांना कळतो, तो सांगत जा. शंभर लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे चार युनिट वीज लागते. तीनशे लिटरच्या टाकीवरचा सेन्सर पाच अंश कमी दाखवत असेल आणि कॉइल त्याच्यावर चालत असेल, तर रोज पावणेदोन युनिट नुसती त्या चुकीपायी जातात. बिल हाती घेऊन असं सांगितलंस की पॉकेटचे दोन पैसे जास्त द्यायला कुणी कुरकुरत नाही.

पॉकेट म्हणजे एका टोकाला बंद असलेली पितळेची नाहीतर स्टीलची नळी. तिची बंद बाजू पाण्यात, उघडी बाहेर, सेन्सर आत. पाणी न सोडता सेन्सर बदलता येतो हा तिचा मोठा फायदा. खाऱ्या हवेत स्टील घेशील तर ३१६ चं घे, ३०४ ला आपल्याकडं डाग पडतात. नळीच्या आतल्या व्यासात सेन्सर जवळजवळ घट्ट बसायला हवा. सैल असेल तर भोवती हवा राहते, आणि हवा उष्णतेला फार अडवते. म्हणून आधी उष्णता वाहणारी पेस्ट भरायची. संगणकाच्या कामाची ट्यूब चालते, फक्त ती किती अंशांपर्यंत टिकते ते वेष्टनावर वाचून घे. सेन्सर तळापर्यंत ढकल, टेकला हे हाताला कळलं पाहिजे, मग ग्लँड आवळ. पॉकेट पाण्याच्या प्रवाहात निदान तीन-चार बोटं आत गेलेलं हवं. आखूड पॉकेटात पितळेतूनच उष्णता बाहेर पळते आणि आकडा कमी येतो. रिकामं पॉकेट उघडं ठेवून जेवायला जाऊ नकोस. आपल्याकडं कुंभारीण माशी अशी भोकं शोधतच असते. एकदा तिनं आत चिखल भरला की तो खरवडून काढता काढता दिवस जातो.

टाकीला पॉकेटच नसेल तर काय? आतल्या टाकीला भोक पाडायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आतला मुलामा जातो, तिथून गंज धरतो, कंपनीची हमीही जाते. बाहेरचा पत्रा काळजीपूर्वक कापून फोम काढायचा, आतल्या टाकीची भिंत पुसून कोरडी करायची, सेन्सर अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं तिच्यावर सपाट चिकटवायचा, फोम परत भरायचा आणि पत्रा पाणी जाणार नाही असा बंद करायचा. त्याआधी कॉइल आणि तिच्या तारा कुठून जातात ते टाकीच्या नकाशात बघ. नकाशा मिळत नसेल तर कापू नकोस, गरम पाण्याच्या तोंडाला टी लाव. तिथं आकडा नळ चालू असतानाच खरा येतो, एवढं मालकाला सांगून ठेव. आणि टाकीच्या हवेच्या नळीतून सेन्सर आत सोडायची युक्ती कुणी शिकवली तर ऐकायची नाही. ती नळी वाफ आणि दाब जायला आहे, तिच्यात काहीही अडकवायचं नाही.

पाइपावर बाहेरून बांधायचा प्रसंग येतोच. तांब्याच्या आणि जीआयच्या पाइपावर ते चालतं. रंग, गंज घासून धातू उघडा कर, पेस्ट लाव, धातूच्या क्लँपनं आवळ. प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीनं बांधलेला सेन्सर एका उन्हाळ्यात सुटतो. सीपीव्हीसीवर बाहेरून बांधू नकोस, प्लॅस्टिकच उष्णता अडवतं, आकडा कितीतरी खाली येतो. तिथं धातूची टी आणि पॉकेट. बरं, सीपीव्हीसी मुळात त्र्याण्णव अंशांपर्यंतचंच, म्हणून पॅनेलच्या तोंडापासून पहिले दोन-तीन मीटर तांब्याचाच पाइप टाक.

सेन्सर बांधला की त्यावर इन्सुलेशन हवंच. ताप बघताना थर्मामीटर काखेत घालून हात मिटून धरतो, उघड्या काखेत त्याचा आकडा कोण खरा मानेल? तसंच हे. काळा नायट्राइल फोम सेन्सरच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढं जाईल असा गुंडाळ, सांध्यावर त्याचाच चिकट डिंक लाव, आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. उघडा फोम आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतो, आणि पावसाचं पाणी प्यायलेला फोम नसल्यापेक्षा वाईट.

आता सेन्सर कुठला. पॅनेलवर प्लॅटिनमचा, पीटी १०००, आणि त्याची तार सिलिकॉनच्या आवरणाची. हे बदलायचं नाही. पंप थांबलेला असताना कडक उन्हात साधं पॅनेल दीडशे अंशांच्या वर जाऊ शकतं, काचेच्या निर्वात नळ्यांचं दोनशेच्याही वर. पीव्हीसीची तार तिथं वितळते. हल्ली पोरं तीन तारांचा स्वस्त डिजिटल सेन्सर, डीएस१८बी२०, सगळीकडं लावतात. तो सोपा आहे, एका तारेवर अनेक लावता येतात, टाकीसाठी मी त्याला नाव ठेवणार नाही. पण त्याची मर्यादाच एकशेपंचवीस अंश. पॅनेलवर तो एका मे महिन्यात मरतो. आणि त्याच्याकडून नेमका पंच्याऐंशी आकडा आला तर लगेच विश्वास ठेवू नकोस, वीज आल्याबरोबर मोजायच्या आधी तो तोच आकडा देतो.

प्लॅटिनमबद्दल मला वेगळीच माया आहे. १८७१ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजून तापमान काढायची पद्धत मांडली, १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी ती भरवशाची करून दाखवली, आणि आज तुझ्या पिशवीतला सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो. शून्य अंशाला हजार ओहम, शंभराला एक हजार तीनशे पंच्याऐंशी. मधल्या प्रत्येक अंशाला सुमारे पावणेचार-चार ओहम. तीस अंशांना एक हजार एकशे सतरा, साठला एक हजार दोनशे बत्तीस. हे चार आकडे पाठ कर. कंट्रोलर बंद असला, बिघडला असला, तरी मल्टिमीटर लावून तू तापमान सांगू शकशील.

पीटी १०० ही येतो, त्याचा सगळा हिशेब दहाव्या हिश्शाचा. आमच्या कारखान्यात तोच होता, पण तिथं तीन किंवा चार तारा ओढायचो. दोन तारांवर तो घरकामाला घेऊ नकोस. छपरापासून कंट्रोलरपर्यंत वीस मीटर पाऊण चौरस मिलिमीटरची तार टाकली तर जाऊन-येऊन तारेचाच रोध एक ओहम भरतो. पीटी १०० वर तेवढ्यानं अडीच अंशांहून जास्त चूक, पीटी १००० वर पाव अंश. काही कंट्रोलरना एनटीसी लागतो, पंचवीस अंशांना दहा हजार ओहमवाला. तो गरम झाला की रोध उतरतो, साठ अंशांना अडीच हजारांच्या आसपास येतो. कंट्रोलर कुठला मागतो ते त्याच्या पुस्तिकेत वाचूनच सेन्सर घे, दिसायला सगळे सारखेच असतात.

छपरावर चढण्याआधी स्वयंपाकघरात जा. घरातल्या वहिनींकडं थर्मास आणि फ्रीजमधला बर्फ माग. बर्फ कुटून थर्मासात भर, भेगा भरतील एवढंच पाणी घाल, ढवळ, दोन्ही सेन्सर एकत्र बांधून मध्यभागी धर. पाच मिनिटांनी शून्य यायला हवं. मग उकळत्या पाण्यात, भांड्याच्या तळाला न टेकवता. आपण समुद्रसपाटीच्या जवळ, इथं शंभराला जेमतेम कमी येईल. महाबळेश्वरला हेच केलंस तर पंच्याण्णव-शहाण्णवच येईल, तिथं सेन्सरला दोष देऊ नकोस.

या परीक्षेत खरं बघायचं ते वेगळंच. दोघांचे आकडे आपसांत जुळतात का? पंप फरकावर चालतो, म्हणून दोघे मिळून एक अंश वर दाखवत असतील तर काही बिघडत नाही. पण पॅनेलचा दोन वर आणि टाकीचा दोन खाली असेल तर चार अंशांचा खोटा फरक कायमचा तयार होतो. चार अंशांवर पंप बंद व्हायचा, तो आता खरा फरक शून्यावर येईपर्यंत चालत राहील, आणि चूक याहून वाढली तर रात्रभर गरम पाणी पॅनेलमध्ये नेऊन आकाशाला देत बसेल. साध्या बी वर्गाच्या प्लॅटिनम सेन्सरला साठ अंशांवर सहा दशांश अंश इकडं-तिकडं व्हायची मुभा असते. दोघांची मिळून सव्वा अंश, त्यात तारांची चूक. म्हणून बंद व्हायचा फरक एक-दोन अंशांवर ठेवू नकोस. चांगल्या कंट्रोलरमध्ये आकडा दुरुस्त करायची सोय असते. ती वापर, आणि किती दुरुस्ती केली ते सेन्सरच्या तारेला चिठ्ठी बांधून लिही.

तारेकडं मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण आपल्याकडं पाऊस आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणपट्टीत तीन हजार मिलिमीटर आणि वर पडतो, आणि तो आडवा येतो. छपरावर तारेला सांधा नको. सेन्सरची मूळ तार आखूड असेल तर लांब तारेचा सेन्सर माग. सांधा टाळता येतच नसेल तर तो पडवीत, डबीत, झाळकाम करून आणि आतून डिंक असलेली आकसणारी नळी चढवून. पिळून काळी पट्टी गुंडाळलेला सांधा पहिल्या आषाढातच जातो, आणि तो मरतही नाही, खोटं बोलू लागतो. पीटी १००० च्या दोन तारांमध्ये ओलाव्यानं लाखभर ओहमची वाट तयार झाली की आकडा तीन अंशांनी उतरतो. एनटीसीत उलटं, ओलाव्यानं आकडा चढतो. सांधा गंजून सैल झाला तर प्लॅटिनमचा चढतो, एनटीसीचा उतरतो. पावसात आकडा कुठल्या दिशेला सरकला हे विचारलंस की घरी बसून दोष ओळखता येतो.

तार डबीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा दे, म्हणजे पाणी पागोळीसारखं त्या वळशावरून ठिबकून जाईल, आत जाणार नाही. ग्लँड नेहमी डबीच्या खालच्या अंगाला, तोंड जमिनीकडं. पॉकेटही शक्य असेल तर आडवं किंवा खालच्या बाजूनं, वर तोंड केलेलं पॉकेट पावसाची वाटी होतं. सेन्सरची तार आणि पंपाची दोनशे तीस व्होल्टची तार एका पाइपात घालायची नाही, वीतभर अंतर ठेव. माकडं झोका घ्यायला लोंबती तार शोधतात, उंदरांना मऊ आवरण आवडतं. म्हणून छपरावरची तार यूव्ही टिकणाऱ्या कड्या पाइपातून ने आणि दर दोन फुटांवर धातूच्या पकडीनं बांध. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वाऱ्यानं छपरांचं काय केलं ते तू लहानपणी पाहिलंस. पॅनेलचे बोल्ट कौलांना नाही, वाशांना आणि भिंतीला धरलेले हवेत.

आगोटीत आणखी एक होतं. मे अखेरीस वळवाच्या पावसाबरोबर भर दुपारी वीज जाते. पंप थांबतो, पण ऊन परत येतं आणि पॅनेल तापत राहतं. दोन तासांनी वीज आली की कंट्रोलरला प्रचंड फरक दिसतो आणि तो तापलेल्या पॅनेलमध्ये गार पाणी ढकलतो. वाफ होते, पाइप दणदणतात, काचेची नळी तडकूही शकते. म्हणून पॅनेल पंचाण्णवच्या वर असेल तर पंप सुरू करायचा नाही, अशी मर्यादा कंट्रोलरमध्ये घाल. पॅनेल निवल्यावर तो आपोआप सुरू होईल. टाकीचीही मर्यादा पासष्टपर्यंत ठेव. बोअरचं पाणी जड असेल तर पासष्टच्या वर क्षार झपाट्यानं साचतात.

काम संपलं की त्याच दिवशी पैसे घेऊन मोकळी होऊ नकोस. रात्री नऊला मालकाला फोन करून पॅनेलचा आकडा विचार. तो बाहेरच्या हवेएवढा किंवा किंचित कमी असला पाहिजे. रात्री पॅनेल चाळीस दाखवत असेल तर पंप बंद असूनही टाकीतलं गरम पाणी उलटं वर चढतंय, एकदिशा झडप नीट मिटत नाही. सेन्सरशिवाय हा चोर सापडत नाही, लोक टाकीच्या फोमला दोष देत बसतात.

जुलैत दोन-तीन दिवस पंप हलणारच नाही, तेव्हा घाबरून फोन येतील. ते आधीच सांगून ठेव. आणि पाहुण्यांच्या खोल्या असतील तिथं एक जास्तीची काळजी. पंचवीस ते पंचेचाळीस अंशांच्या साठलेल्या कोमट पाण्यात लिजनेला नावाचा जीवाणू वाढतो, फुप्फुसांचा गंभीर आजार करतो. १९७६ साली फिलाडेल्फियात त्याच्यामुळं माणसं दगावली, त्यानंतर तो जगाला कळला. पावसाळ्यात टाकी दिवसेंदिवस कोमट राहते, म्हणून वरच्या सेन्सरवर बघून कॉइलनं ती अधूनमधून साठवर न्यायची. पण साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. घरात आजी-आजोबा, लहान मूल असेल तर न्हाणीआधी पाणी मिसळणारी झडप बसवल्याशिवाय काम सोडायचं नाही. पाण्यात हात घालून अंदाज आम्ही तांब्याच्या बंबावर घेत होतो. पंचेचाळीसच्या वर हाताला नुसता चटकाच कळतो, पन्नास आणि साठ यांतला फरक कळत नाही. कॉइल असेल तिथं अर्थिंग मोजून बघ आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी लाव, आधी नसेल तर तू लाव.

निघताना मराठीत एक कागद लिहून कंट्रोलरच्या झाकणाच्या आत चिकटव. कडक उन्हात दुपारी किती, रात्री किती, पावसाळी दिवशी किती, सेन्सर कुठला, कुठं बसवलाय, तार कुठून गेली. दरवर्षी आगोटीआधी एकदा जाऊन फोम, ग्लँड आणि सांधे बघ, शेवाळ आलेल्या कौलांवर पावसात चढायची वेळ येऊ देऊ नकोस. बर्फात तपासलेला एक पीटी १००० पिशवीत कायम असू दे, गावातल्या दुकानात तो मिळेलच असं नाही. जोडीतला एकच सेन्सर बदललास तरी जुना बाहेर काढून दोघांना पुन्हा एका थर्मासात घाल, आकडे जुळव, आणि नवी दुरुस्ती तारखेसह त्याच कागदावर लिही.